सूर लागणे आणि गाडी लागणे

मराठीत लागत नाही असं फार थोडं आहे. भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, नळाखाली हंड्याचा नंबर लागतो. गाण्यात सूर लागतो आणि घाटात गाडी लागते. यातल्या शेवटच्या दोन्ही गोष्टींचा रस्ता एकाच गळ्यातून जातो, हे मला पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळलं. तेही कुंभार्ली घाटात, जानेवारीतल्या एका सकाळी साडेसहाला, प्लॅस्टिकची पिशवी दुसऱ्याच्या मुलीच्या तोंडासमोर धरून.

चिपळूणच्या आमच्या शाळेचा समूहगानाचा संघ पुण्याला स्पर्धेला निघाला होता आणि मी त्यात ‘पालक प्रतिनिधी’ होतो. हे पद निवडणुकीने मिळत नाही. पालकसभेत बाईंनी “बरोबर कोण येईल?” असं विचारलं, तेव्हा सगळे पालक एकदम खाली बघायला लागले. मी आधीपासूनच खाली, मोबाइलमध्ये, बघत होतो. एवढी शांतता का झाली म्हणून मी वर बघितलं. संपलं.

संगीतातली माझी पात्रता सांगायची तर पाचवीत असताना मीही समूहगानात होतो. तिसऱ्या दिवशी त्या वेळच्या बाई एकेकाच्या तोंडाशी कान नेत नेत माझ्यापर्यंत आल्या, थांबल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बाळा, तू नुसते ओठ हलव हं.” हे काम मी दोन वर्षं निष्ठेने केलं. आईला यातलं काही कधी सांगितलं नाही. ती आजही पाहुण्यांना सांगते, की शाळेच्या गाण्यात ह्याचा आवाज कसा उठून यायचा.

असा एक ओठहलव्या प्रत्येक शाळेच्या संघात असतो. त्याला काढता येत नाही, कारण झब्बा शिवून झालेला असतो. यंदाचा आमचा ओठहलव्या नववीतला. ऑगस्टमध्ये निवड झाली तेव्हा त्याचा आवाज काचेच्या बांगडीसारखा होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला तो कंठ फुटूनच. या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांबतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो, असं विज्ञानात शिकवतात. पण तो लिफ्टने उतरत नाही. जिन्यावरून लोखंडी ट्रंक उतरवावी तसा पायरीपायरीवर आपटत, मध्येच दोन पायऱ्या वर चढत उतरतो. युरोपात अशा मुलांची गय करत नसत. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलमधल्या गायक मुलांत संगीतकार हायडन होता. १७४९च्या सुमारास त्याचा आवाज फुटला आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला गेला. त्यातच त्याने म्हणे पुढच्या मुलाची शेंडी कात्रीने कापली, त्यामुळे काढणाऱ्यांना कारण शोधावं लागलं नाही. आमच्या मुलाने कोणाची शेंडी कापली नव्हती. शिवाय प्रवेशअर्जावर नावं गेली होती, आणि मुख्य म्हणजे सगळ्या संघात पेटी एकट्याने उचलू शकणारा तोच होता. तेव्हा बाई त्याच्यापाशी गेल्या, थांबल्या, डोक्यावरून हात फिरवला...

मी खिडकीतून बघत होतो. माझा घसा दाटून आला.

पेटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. शाळेची ही पेटी २२ जुलै २०२१च्या पुरात पाण्याखाली होती. पेटीत सूर म्हणजे पितळेच्या पट्ट्या. त्या गंजत नाहीत, पण त्यांचे खिळे गंजतात, लाकूड फुगतं, भात्याचं कापड कुजतं. आमच्या पेटीवाल्या सरांनी ती उन्हात वाळवून, सुटी करून, पुन्हा जोडून उभी केली. तेव्हापासून पेटीत काहीही बिघडलं की सर म्हणतात, “एकवीसचा पूर.” भाता फुसफुसला, एकवीसचा पूर. झाकण करकरलं, एकवीसचा पूर. एकदा सर स्वतः उशिरा आले तेव्हाही त्यांनी सवयीने तेच कारण दिलं.

पहाटे पाचच्या एसटीत आम्ही पंधरा जण चढलो. गाणारे दहा, त्यात सहा मुली आणि चार मुलगे. तबल्याला एक मुलगा, खंजिरीला एक मुलगी, पेटीवाले सर, बाई आणि मी. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमच्यात आठ हाफ आणि सात फुल. वाहकाने मशीनवर टकटक केली आणि पेटीकडे बोट दाखवलं.

“हिचं लगेज लागंल.”

“हाफ लावा,” सर म्हणाले. “ती पेटी. स्त्रीलिंगी आहे.”

वाहकाने क्षणभर खरंच विचार केला. मग म्हणाला, “मग तबल्याचं फुल काढू?”

सर गप्प बसले आणि पेटी डिकीत गेली. सरांना ते लागलं (बघा, हेही लागतं!). बाई त्यांची समजूत घालत म्हणाल्या, “अहो, आकाशवाणीने तिला १९४० ते १९७१ एवढी वर्षं बाहेर ठेवलं होतं. ही तर एका प्रवासाची गोष्ट.” हे खरं आहे. पेटीला मींड येत नाही, तिचे सूर एका जागी ठोकलेले, म्हणून आकाशवाणीवर तिला बंदी होती. आपल्या देशात पेटीने एकतीस वर्षांचा बहिष्कार सोसला आणि त्याच काळात घरोघरच्या भजनांत ती वाजत राहिली. सरांना मात्र इतिहासाने बरं वाटलं नाही. ते दर स्टॉपवर उतरून डिकीला कान लावून येत होते.

आता घशाकडे वळू. दहा गाणाऱ्यांच्या दहा आयांनी मिळून जे औषधपाणी दिलं होतं त्यात एक छोटं आयुर्वेदाचं दुकान निघालं असतं. जेष्ठमध, लवंग, कंकोळ, आलेपाक, हळदीची डबी, गुळण्यांसाठी मीठ, आणि खडीसाखर तर एवढी, की वाटेत कुठे पूजा घातली असती तरी प्रसाद कमी पडला नसता. बाईंनी वर्ज्य पदार्थांची यादी फळ्यावर लिहून दिली होती: चिंच, बोरं, बर्फाचा गोळा, दही, थंड पाणी, शेंगदाणे आणि ओरडणं. “ओरडणं हा पदार्थ नाही, बाई,” असं एकाने म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही तो दिवसभर खाता.”

घशाची एवढी काळजी घेतली, पोटाचा विचार कोणी केला नाही. पोफळी मागे पडली, घाट सुरू झाला आणि पहिल्या काही वळणांतच पुढच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हिला गाडी लागली.” गाडी लागणं हा साथीचा रोग आहे. एकीला लागली की शेजारणीला लागते. समूहगानाचं तत्त्वही तेच. चार महिने बाई जे घसा फोडून सांगत होत्या, की एकाच वेळी सुरुवात करा, शेजारच्याचा कानोसा घ्या, कोणी पुढेमागे होऊ नका, ते सगळं त्या घाटात प्रथमच अचूक जमलं. आवळासुपारी वाटून झाली, लिंबं हुंगून झाली. या गोंधळात कोयनानगर आलं. सर भूगोलही शिकवतात. ते उभे राहून सांगू लागले, “मुलांनो, ११ डिसेंबर १९६७ला पहाटे इथे मोठा भूकंप झाला होता...” मागून एक क्षीण आवाज आला, “सर, अजून चालू आहे का?”

पाटणला एक आजोबा चढले. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी टाळांची दोरी. आमच्यातली खंजिरी बघून त्यांनी चौकशी केली आणि मग फर्माईशच केली, “म्हना की एक. आमालाबी ऐकू द्या.” बाई नको नको म्हणत होत्या, पण साऱ्या एसटीने आग्रह धरला. बाईंनी शाळेची प्रार्थना सांगितली. फक्त एक, आणि हळू.

इथे बाईंबद्दल एक सांगायला हवं. त्या कुडाळकडच्या, आणि शाळेच्या प्रार्थनेचा विषय निघाला की त्या वसंत देसायांवर जातातच. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७चा आणि ‘गुड्डी’ १९७१चा. दोन्हींतल्या प्रार्थना देशभरच्या शाळांत सकाळी म्हटल्या जातात. दोन्हींच्या चाली वसंत देसायांच्या, आणि देसाई कुडाळजवळच्या सोनवड्याचे. बाईंच्या मते देशातली निम्मी मुलं रोज सकाळी नकळत कोकणच्या चालीत देवाला हाक मारतात. हे सगळं त्यांनी त्या एसटीत सांगितलं. तिकीट काढून बसलेल्या माणसांना उतरता येत नाही, याचा फायदा शिक्षकी पेशाइतका कोणी घेत नाही.

आजोबांनी शांतपणे सगळं ऐकलं. प्रार्थना ऐकली. मग म्हणाले, “पोरं सुरात हाईत. पर लय पळतीया.”

बाईंचा चेहरा उतरला, कारण ते खरं होतं. घाबरलं की मुलांची लय चढते. सात मिनिटांची दोन गाणी तालमीत एकदा सव्वासहा मिनिटांत संपली होती, आणि त्यात कोणाचं काही गाळलंही गेलं नव्हतं. आजोबांनी उपाय सांगितला. “हातानं ताल धरू नगा, त्यो दिसतू. पायाचा आंगठा चपलीत दाबायचा. आंगठा खोटं बोलत न्हाई.” उंब्रजपर्यंत दहा मुलं वीस अंगठ्यांनी सराव करत होती. आजोबा तिथे उतरले. जाताना आलेपाकाच्या चार वड्या घेऊन गेले.

पुढे बाईंनी मौन जाहीर केलं. दहा गायक कलावंत खुणांनी बोलू लागले, आणि खुणांनी भांडता येतं हा शोध साताऱ्याच्या अलीकडेच लागला. साताऱ्यात कंदी पेढ्यांकडे वीस डोळे वळले. “पेढा घशात बसतो,” बाई म्हणाल्या. घशात पेढा बसावा याहून चांगली वेळ माणसावर कोणती येणार, असं माझ्या मनात आलं, पण मौन मलाही लागू होतं. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागत नाही, गाडी बोगद्यातून जाते. एसटी बोगद्यात शिरली, क्षणभर अंधार झाला, आणि चार तासांचं दाबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. तो ‘ओऽऽ’ कुठल्या पट्टीत होता हे सरांनाही सांगता आलं नाही. बाहेर आलो तेव्हा सगळे निरागसपणे खिडकीबाहेर बघत होते. ओठहलव्यासुद्धा. त्याला त्या दिवसातली तेवढीच एक संधी होती आणि त्याने ती पुरेपूर वापरली होती. बोगद्यातलं खालचं सप्तक त्याचं होतं.

पुण्यात उतरण्याची सोय एका शाळेच्या वर्गांत होती. बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकलेल्या. कोकणातल्या मुलांना जानेवारीतलं पुणं म्हणजे काश्मीरच. तबल्यालाही ते मानवलं नाही. दमट हवेत ढिली पडणारी त्याची पुडी कोरड्या हवेत ताणली गेली आणि तबला आपला आपणच चढला. तबल्याचा मुलगा रात्री साडेनऊपर्यंत हातोडीने गठ्ठे ठोकत बसला होता. शेजारच्या वर्गातल्या संघाला वाटलं, आम्ही खाट दुरुस्त करतोय.

तो शेजारचा संघ मोठ्या शहरातला होता. त्यांच्याकडे कीबोर्ड होता, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचं जाकीट होतं, आणि भिंतीपलीकडून त्यांचा सराव ऐकू येत होता. आपल्याकडे समूहगान म्हणजे बहुतेक वेळा सगळ्यांनी एकच चाल एकाच सुरात म्हणायची. ते मात्र तीन थरांत गात होते. वरच्या मुली एक, मधले दुसरं, खालचे तिसरं, आणि तरी सगळं मिळून गोड. आमची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, ते तीन तीन सुरांत गातात.”

“आपण एका सुरात गाऊ,” बाई म्हणाल्या. “तेवढंसुद्धा पुष्कळ आहे.”

झोपण्यापूर्वी मी ओठहलव्याला बाजूला घेतलं. आमच्या क्षेत्रात घराणी नाहीत, पण अनुभव वाया घालवू नये असं मला वाटतं. “हे बघ,” मी म्हटलं, “सगळ्या शब्दांना ओठ हलवू नकोस, मासा दिसशील. पवर्ग सांभाळ. प, फ, ब, भ, म. ह्या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. तिथे चुकलास की पहिल्या रांगेतला माणूस पकडतो. बाकी काय म्हणतोस ते कोणाला दिसत नाही.”

त्याने दोन्ही गाण्यांतले पवर्गाचे शब्द पेन्सिलने अधोरेखित करायला घेतले. एवढा आज्ञाधारक विद्यार्थी मला ऑफिसात कधी मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा क्रमांक नववा होता. मुलं चढली, दोन रांगांत उभी राहिली. तानपुऱ्याचा सूर सरांच्या मोबाइलवर लावला आणि बाईंनी तो मोबाइल विमान मोडवर असल्याचं दोनदा बघितलं, कारण मागे एकदा तानपुरा मध्येच थांबून सरांच्या घरून ‘येताना दूध आणा’ आलं होतं. आमची पट्टी काळी चार. सरांनी सा दिला, मुलांनी घेतला, आणि गाणं सुरू झालं. मी पहिल्या रांगेतून मोबाइलवर चित्रीकरण करत होतो. अंगठे खाली, चपला काढलेल्या, त्यामुळे वीसच्या वीस दिसत होते. लय पळाली नाही.

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात पेटीची काळी दोन दाबली गेली ती वर आलीच नाही. पेटीची पट्टी अडकली की तो सूर भाता हलतो आहे तोवर अखंड वाजत राहतो. तो थांबवायचा तर भाता थांबवायचा, म्हणजे पेटीच बंद. मी सरांचा चेहरा बघितला. त्यांच्या ओठांवर दोन शब्द होते, आणि ओठांवरचं वाचण्यात मी तज्ज्ञ आहे: “एकवीसचा पूर.”

पण देव कोकणातल्या माणसाच्या बाजूने असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्याला काळी दोन म्हणजे पंचम. शेजारची पांढरी अडकली असती तर आम्ही तिथेच बुडालो असतो. अडकला तो नेमका पंचम, तानपुऱ्यात जो मुद्दाम वाजता ठेवतात तोच. गाण्याखाली एक भरदार सूर पसरला आणि ते तिसऱ्याच कोणाच्या संघाचं वाटू लागलं. सरांनी चेहरा असा केला की हे असंच ठरलं होतं.

माझं लक्ष मात्र मागच्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्याकडे होतं. काय सांगू! त्याचा पवर्ग निर्दोष होता. वरच्या सुराला मानेची शीर फुगत होती. दहा जणांत श्वास योग्य जागी घेणारा तो एकटाच होता, कारण त्याला तेवढाच उद्योग होता.

बावीस संघ झाल्यावर परीक्षक बोलायला उभे राहिले. “खरं तर तुम्ही सगळेच जिंकला आहात,” असं ते म्हणाले आणि सगळ्या सभागृहाला कळलं की आपल्यातले बहुतेक हरले आहेत. मग त्यांनी उच्चार, भाव, ताल, सांघिकता यांवर पाऊण तास मार्गदर्शन केलं. मुलांनी सकाळपासून गुळण्यांचं पाणी प्यायलेलं होतं, त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत सांघिक भाव सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होता. बोलता बोलता ते म्हणाले, “एका संघाने पेटीवर पंचम धरून ठेवण्याचा जो प्रयोग केला, तो अभिनव होता. अशी विचारपूर्वक साथ आज दुर्मीळ झाली आहे.” सर उठून उभे राहिले आणि नम्रपणे नमस्कार करून बसले.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. तिघांनी मिळून एक प्रमाणपत्र धरलं तरी फोटोत ते नीट आलं नाही. तीन थरांत गाणाऱ्यांना पहिला क्रमांक मिळाला, आणि खरं सांगायचं तर तो त्यांचाच होता. आमच्या मुलींनी जाऊन त्यांना खडीसाखर दिली.

परतीच्या एसटीत सगळ्या बंद्या उठल्या. कंदी पेढे, बोरं, चिंच, आणि पुणे ते पाटण अखंड भेंड्या. सरांनी पेटी या वेळी मांडीवर घेतली होती. उजेड होता तोवर त्यांनी झाकण उघडून, पिनेने टोकरून काळी दोन मोकळी केली. पट्टीच्या खाचेतून गव्हाएवढा एक चिकट खडा निघाला. सरांनी तो उजेडात धरला, वास घेतला, जिभेला लावला. खडीसाखर. कोणीतरी घशासाठी आणलेली पुडी पेटीच्या पेटाऱ्यात ठेवली होती. सर बराच वेळ त्या खड्याकडे बघत होते. पुराशिवाय पेटीला काही होऊ शकतं, हे त्यांना पचायला जड जात होतं.

घाटात या वेळी कोणाला गाडी लागली नाही. झोप लागली होती.

चिपळूणच्या स्टँडवर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि झाडून सगळ्या आया आल्या होत्या. माझं चित्रीकरण दुपारीच पालकांच्या ग्रुपवर गेलं होतं, आणि ज्याला त्याला त्यात आपल्या मुलाचाच आवाज ऐकू आला होता. तबल्याच्या मुलाच्या आजीलासुद्धा. ओठहलव्याची आई गर्दीतून वाट काढत आली. तो पेटी खांद्यावर घेऊन उतरत होता.

“बाई, मी पाचदा ऐकलं,” ती म्हणाली. “लगेच ओळखला हो मी. सगळ्यांत खणखणीत तोच येत होता.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “ताकद आहे त्याच्या आवाजात.”

ती माझ्याकडे वळली. “तुम्ही तर पुढेच बसला होतात.”

“अहो, मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता,” मी म्हटलं.

खांद्यावरच्या पेटीआडून पोरगा माझ्याकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले, ‘म’ म्हणताना मिटतात तसे.